नमाजाचे वक्त आणि नववीचे गणित

(संस्थेच्या वार्षिक समारंभात एका माजी विद्यार्थ्याने केलेले भाषण)



चिटणीससाहेबांनी मला विषय दिला होता 'संगणकयुग आणि मुस्लिम तरुण'. विषय मोठा आहे आणि त्यावर बोलण्याइतकी माझी योग्यता नाही. पुण्यात एका कंपनीत मी आज्ञावल्या लिहिण्याचे काम करतो. युगाविषयी मला फारसे कळत नाही. म्हणून आपल्या परवानगीने मी विषय जरा आकुंचित करतो. आपल्या मोहल्ल्यातील मशिदीत वजूच्या हौदाजवळ जो विजेचा फलक लावला आहे, ज्यावर पाच नमाजांचे वक्त दिसतात, त्या एका फलकाविषयी मी बोलणार आहे. तो मी बसविला, आणि तो सात आठवडे चुकीचा चालला. पुष्कळांना ही हकिकत अर्धवट माहीत आहे. ती पूर्ण सांगावी आणि आपल्यासमोर माझी चूक कबूल करावी, एवढ्यासाठी मी आज उभा आहे.

७ ऑक्टोबर २०२१ रोजी महाराष्ट्रातील प्रार्थनास्थळे करोनानंतर दुसऱ्यांदा उघडली. मी त्या वेळी घरूनच नोकरीचे काम करीत होतो. मशिदीतला जुना छापील तक्ता ओल येऊन फाटला होता. तेव्हा जमातीच्या मंडळींनी सुचविले की, तू एवढा शिकलास, तर एक फलक करून दे. मी आनंदाने होकार दिला. एक पडदा, एक तळहाताएवढा संगणक आणि माझी आज्ञावली. हिवाळाभर मी ती लिहिली. आता, हे काम करणाऱ्या तयार लायब्रऱ्या जगात उपलब्ध आहेत आणि त्या फुकट आहेत, हे मला ठाऊक होते. पण नमाजाचे वक्त काढण्याचे गणित ते काय, आपल्याला येते, दुसऱ्याचे कशाला घ्यावे, असा एक ताठा मनात होता. एका जुन्या पुस्तकातून मी सूत्रे घेतली.

फलक सुरू झाला. लोकांनी तो आपापल्या फोनशी ताडून पाहिला. २०२२ चा रमजान एप्रिलमध्ये आला. सेहरी, इफ्तार, सगळे मिनिटाला मिनीट जुळले. ईद झाली. लोकांनी माझे कौतुक केले आणि मी ते करू दिले.

जूनच्या अखेरीस एका संध्याकाळी आमच्या मशिदीचे बांगी चाचा छत्री मिटत माझ्या दारात उभे राहिले. सत्तरी ओलांडलेले, शाळेत चौथीपर्यंत शिकलेले गृहस्थ. चहा घेतला, पावसाविषयी बोलले, माझ्या नोकरीची चौकशी केली, आणि मग खाली पाहत म्हणाले, "बेटा, तुझा बोर्ड असरला घाई करतो आहे का?"

मी म्हटले, "चाचा, संगणक घाई करीत नाही."

तेव्हा ते जे बोलले ते मी जन्मभर विसरणार नाही. ते म्हणाले, "मे महिन्यात, पाऊस लागायच्या आधी, मी बोर्डाप्रमाणे असरची बांग द्यायला उठलो आणि सवयीने माझी सावली पावलांनी मोजली. साडेसहा पावले भरली. माझी सावली माझ्यापेक्षा आखूड, आणि असर कशी होईल?"

विद्यार्थी मित्रांनो, चाचांचे म्हणणे समजून घ्या. असरचा वक्त सावलीवरून ठरतो. शाफई मजहबाप्रमाणे, आणि मालिकी व हंबली मजहबांप्रमाणेही, भर दुपारी वस्तूची जी सावली असते तिच्यात वस्तूच्या उंचीइतकी भर पडली की असर सुरू होते. माणसाची उंची त्याच्या स्वतःच्या पावलांनी साधारण सात पावले असते, ही जुन्या लोकांची मोजपट्टी होती आणि ती आजही बरोबर आहे. म्हणजे असरला सावली सात पावले अधिक दुपारची सावली एवढी हवी. दुपारची सावली शून्य असली तरी सातांच्या खाली येणे शक्यच नाही. चौथी शिकलेल्या माणसाने आपल्या पावलांनी माझी आज्ञावली खोटी ठरविली होती, आणि मला त्यांना उत्तर देता आले नाही.

मी विचारले, "चाचा, मे महिन्यात पाहिलेत, मग मला आज का सांगता?" ते म्हणाले, "शिकलेल्या माणसाचे यंत्र. मला वाटले माझेच पाऊल मोठे पडले असेल. मग पाऊस लागला, सावली गेली. काल कपाटात जुना तक्ता सापडला, तो पाहिला."

त्या रात्री मी कागद घेऊन बसलो. चूक शोधायला फार वेळ लागला नाही. ती एका चिन्हाची होती.

ही चूक समजण्यासाठी गणित थोडे सांगावे लागेल. प्रथम जोहर. भारताचे प्रमाण घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाचे आहे. आपला गाव सुमारे ७३.२५ अंशांवर. फरक सव्वानऊ अंश, दर अंशाला चार मिनिटे, म्हणून आपली खरी दुपार घड्याळातील बारानंतर सरासरी ३७ मिनिटांनी होते. परंतु सूर्य काही घड्याळाप्रमाणे चालत नाही. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे आणि तिचा आस कललेला आहे, त्यामुळे ही खरी दुपार नोव्हेंबरच्या आरंभी १२-२१ च्या सुमारास तर फेब्रुवारीच्या मध्यास १२-५१ च्या सुमारास येते. नागपूरची दुपार मुंबईच्या आधी सुमारे पंचवीस मिनिटे होते, म्हणून मुंबईचा तक्ता नागपूरला लावून चालत नाही. (एक गोष्ट जाता जाता. मुंबई शहरात १९५५ पर्यंत 'मुंबई वेळ' नावाचे वेगळे घड्याळ चालत असे, ते प्रमाण वेळेच्या ३९ मिनिटे मागे. कोणाच्या घरी आजोबांच्या वेळचा तक्ता असेल, तर तो कोणत्या घड्याळाचा हे आधी पाहावे.)

आता असर. भर दुपारी सूर्य डोक्यापासून किती अंश कललेला आहे हे काढण्यासाठी गावाच्या अक्षांशातून सूर्याची क्रांती, म्हणजे सूर्य विषुववृत्तापासून किती अंश उत्तरेस वा दक्षिणेस आहे तो आकडा, वजा करावयाचा. त्या कोनाचा टॅन्जंट म्हणजे एक मीटर काठीची दुपारची सावली. डिसेंबरात आपल्याकडे हा कोन जवळजवळ ४१ अंश असतो आणि सावली सुमारे ८७ सेंटिमीटर पडते. इथपर्यंत ठीक.

आपला गाव साडेसतरा अंश उत्तरेला आहे. सूर्याची क्रांती जूनमध्ये जवळजवळ साडेतेवीस अंश उत्तर होते. १० मेच्या सुमारास सूर्य बरोबर आपल्या डोक्यावरून जातो आणि काठीला सावलीच राहत नाही. त्यानंतर ३ ऑगस्टच्या सुमारापर्यंत तो दुपारी आपल्या उत्तरेस असतो आणि दुपारची सावली दक्षिणेस पडते. या दिवसांत अक्षांशातून क्रांती वजा केली की उत्तर येते उणे. जूनच्या २१ तारखेला उणे सहा अंश. सावली मात्र सावलीच असते, ती उत्तरेस पडो वा दक्षिणेस; लांबी काही उणे होत नाही. माझ्या आज्ञावलीने मात्र ती उणे धरली, आणि काठीच्या उंचीत दुपारची सावली मिळविण्याऐवजी तेवढी तिच्यातून काढून टाकली. परिणाम असा की १० मेपर्यंत एका मिनिटाचाही फरक नाही, २० मेला सुमारे दहा मिनिटे, महिनाअखेर एकोणीस, आणि २१ जूनला सव्वीस. त्या दिवशी खरी असर ४ वाजून २ मिनिटांनी होती आणि माझा फलक ३-३६ दाखवीत होता.

पुस्तकातील सूत्र खोटे नव्हते. ते कर्कवृत्ताच्या उत्तरेकडील गावांसाठी लिहिलेले होते आणि मी प्रस्तावना वाचली नव्हती. दिल्ली, कराची, कैरो, तेहरान, लंडन या साऱ्या शहरांत दुपारचा सूर्य कधी उत्तरेस जातच नाही, तेथे हे सूत्र बाराही महिने बरोबर येते. आपला सबंध महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेस आहे. आणि मक्का शरीफही! तेथील अक्षांश २१.४. दरवर्षी २७-२८ मे आणि १५-१६ जुलै या दिवसांत सूर्य काबागृहाच्या बरोबर माथ्यावर येतो. मेमधील तो क्षण आपल्या घड्याळाने दुपारी २ वाजून ४८ मिनिटांचा असतो, आणि त्या वेळी ऊन असेल तर आपल्या काठीची सावली किब्ल्याच्या बरोबर उलट दिशेस पडते. माझे सूत्र काबागृहाच्या अंगणातदेखील चुकले असते, हे मला नंतर सुचले आणि लाज वाटली.

चूक गणिताची होती तशी हंगामाचीही. ती अशा दिवसांत उगवली की, ज्या दिवसांत कोकणात आकाश दिसत नाही. ऊन असते तर आणखी चार म्हाताऱ्यांनी पावले मोजली असती.

कोणी म्हणेल, सव्वीस मिनिटांचे काय एवढे? आपल्याकडे असरची जमात उशिरा, पाच वाजता होते, तेव्हा मशिदीत नमाज पढणाऱ्यांचे काही बिघडले नाही. बिघडले ते घरातल्यांचे. बांग झाली की जानमाज अंथरणाऱ्या आपल्या आया-बहिणी, अंथरुणाला खिळलेली माणसे, दुकानात एकटा असलेला माणूस. वक्त होण्यापूर्वी पढलेली फर्ज नमाज होत नाही. मी मौलानासाहेबांकडे गेलो आणि सर्व सांगितले. ते रागावले नाहीत. त्यांनी तारखा लिहून मागितल्या, आणि जुम्याला जाहीर केले की ज्यांनी या दिवसांत बांगेबरोबर लगेच असर पढली असेल त्यांनी त्या नमाजांची कजा करावी. माझ्या आईने पुढचे दीड महिने रोज एक असर जास्त पढली. माझ्याशी त्याविषयी ती एक अक्षर बोलली नाही.

मग मी माझे सूत्र बाजूला ठेवले आणि तयार लायब्ररी घेतली. येथे 'लायब्ररी' म्हणजे ग्रंथालय नव्हे. आपण शाळेत लॉगटेबलाचे पुस्तक वापरीत होतो ते आठवा. लॉग कसा काढावयाचा हे प्रत्येकाने मुळापासून करावयाचे नाही. एकाने काळजीपूर्वक करून ठेवले, शंभरांनी तपासले, लाखांनी वापरले. संगणकातील लायब्ररी तशीच असते. नमाजाच्या वक्तांसाठी दोन प्रसिद्ध आहेत, 'प्रेटाइम्स' आणि 'अधान'. 'अधान'मधील खगोलगणित बेल्जियमचे ज्योतिर्गणिती जाँ मेउस यांच्या ग्रंथावरून घेतलेले आहे. दोन्ही लायब्रऱ्यांचा मूळ मजकूर कोणालाही उघडून वाचता येतो. मी तो उघडला, असरची ओळ शोधली. दोन्हींत अक्षांश आणि क्रांती यांच्या वजाबाकीभोवती तीन अक्षरांची एक खूण आहे. तिचा अर्थ, उत्तराचे चिन्ह सोडून द्या, नुसता आकडा घ्या. आपल्या नववीच्या पुस्तकात तिला 'केवलमूल्य' म्हणतात. मी तो धडा याच इमारतीत शिकलो, दोन गुणांचा प्रश्न म्हणून पाठ केला, आणि तो कशासाठी आहे हे वीस वर्षांनी चाचांच्या पावलांनी मला शिकविले.

लायब्ररी घेतली म्हणजे काम संपले, असे मात्र समजू नका. ती तुम्हाला उलट प्रश्न विचारते. पहिला प्रश्न मजहबाचा. किनाऱ्यावरचे आपण कोकणी मुसलमान बहुतेक शाफई, घाटावरचे बहुतेक हनफी. हनफी मताप्रमाणे असर सावली वस्तूच्या दुप्पट झाल्यावर, अर्थात दुपारची सावली धरून. आपल्या गावी या दोन वक्तांत डिसेंबरात ४७ मिनिटांचे, जूनमध्ये जवळजवळ सव्वा तासाचे अंतर पडते. 'अधान' लायब्ररी तुम्ही काही न सांगितल्यास शाफई धरते. फोनमधील एखादे ॲप भारत दिसला की हनफी धरते. दोघेही आपापल्या जागी बरोबर. पण एकाच घरात बापाच्या फोनवर एक असर आणि मुलाच्या फोनवर दुसरी, आणि दोघांनाही कारण ठाऊक नाही, असे मी पाहिले आहे. आपल्या गावात बदलीवर आलेली, व्यापारानिमित्त राहिलेली हनफी कुटुंबे आहेत. तेव्हा फलकावर असरच्या दोन ओळी ठेवल्या, नावानिशी. एका सदस्यांनी विचारले की यामुळे फूट दिसणार नाही का? मौलानासाहेब म्हणाले, वक्त दोन आहेत ते लपविल्याने एक होत नाहीत.

दुसरा प्रश्न फजर आणि इशाचा, आणि हा अधिक नाजूक. सूर्य क्षितिजाखाली किती अंश असताना पहाट फुटते? कराचीच्या इस्लामी विद्यापीठाची पद्धत १८ अंश धरते, मुस्लिम वर्ल्ड लीग फजरला १८ व इशाला १७, मिसरची संस्था १९.५ व १७.५, उत्तर अमेरिकेची पद्धत दोन्हींना १५. उम्मुल-कुराच्या सौदी पद्धतीत फजर १८.५ अंशांवर, आणि इशा कोनावर नाहीच. मगरिबनंतर दीड तास, रमजानमध्ये दोन तास. आपल्या अक्षांशावर १५ आणि १८ यांत बारा ते पंधरा मिनिटांचा फरक येतो. रमजानमध्ये याचा अर्थ काय, ते सांगावयास नको. एका मुलाच्या फोनवर अमेरिकेची पद्धत लागली होती. घरात सगळे तोंड धुऊन बसले तरी तो आरामात केळे खात होता आणि फोन दाखवीत होता! लायब्ररीत या सर्व पद्धती नावानिशी ठेवलेल्या आहेत, परंतु कोणती निवडावी हे तिला ठरविता येत नाही. ते ठरविण्यासाठी आपली जमात दोन रात्री बसली. अठरा अंश ठरले, आणि वर सावधगिरीची दोन मिनिटे. तो ठराव जमातीच्या वहीत तारखेसह लिहिलेला आहे. पूर्वीच्या तक्त्यामागे असा ठराव कोणी लिहून ठेवला होता की नाही, हे मला कोणी सांगू शकले नाही.

परदेशात गेलेल्या आपल्या मंडळींचे प्रश्न आणखी निराळे. लंडनमध्ये मेअखेरीपासून जुलैच्या मध्यानंतरपर्यंत सूर्य रात्रभरात अठरा अंश खाली जातच नाही. कोनाने शोधू गेल्यास इशा सापडत नाही. तेथे लायब्ररीला सांगावे लागते की रात्रीचा मध्य धर, अथवा रात्रीचा सातवा भाग धर. दुबईत बुर्ज खलिफा इमारतीच्या ऐंशीव्या मजल्याच्या वर राहणाऱ्यांनी इफ्तार दोन मिनिटे उशिरा करावी आणि दीडशेव्याच्या वर तीन मिनिटे, असे तेथील धर्मविभागाने २०११ साली सांगितले, कारण उंचावरून सूर्य अधिक वेळ दिसतो. आपल्यापैकी कोणी तेथे नोकरीस असेल तर त्याने आपला मजला लक्षात ठेवावा.

मला एका गोष्टीचे समाधान आहे. ही सर्व आकडेमोड फलकातील संगणक स्वतःच्या पोटात करतो. त्याला इंटरनेट लागत नाही आणि आपण कोठे नमाज पढतो हे तो कोणालाही कळवीत नाही. फोनमधील फुकटची सर्वच ॲपे असे वागतात, असे मी म्हणू शकत नाही.

तथापि घड्याळाने आम्हाला एकदा गोत्यात आणले. या लहान संगणकांना स्वतःचे चालते घड्याळ नसते. ते वेळ इंटरनेटवरून घेतात. पावसाळ्यात वीज गेली, तिच्याबरोबर इंटरनेट गेले, तीन तासांनी वीज आली, आणि फलक तीन तासांपूर्वीच्या वेळेपासून शांतपणे पुढे चालू लागला. वक्तांचे आकडे अचूक, बाजूचे घड्याळ खोटे! नंतर सेलवर चालणारे घड्याळ आत बसविले. आपल्या गावात वीज कितीदा जाते हे लायब्ररी लिहिणाऱ्याला कसे ठाऊक असणार? आणि हो, फाटका छापील तक्ताही नव्याने छापून भिंतीवर परत लावला आहे. तो वीज मागत नाही.

फलकावर अक्षरे कोणती असावीत यावरही वाद झाला. काहींचे म्हणणे उर्दू हवी, ती आपली मजहबी जबान. काहींचे म्हणणे, घरात आपण मराठी आणि कोकणी बोलतो, मुले मराठी शाळेत शिकतात, उर्दू किती जणांना वाचता येते? शेवटी नावे दोन्ही लिपींत घातली आणि आकडे देवनागरी. बांगी चाचांनी सुचविले की आकडे मोठे करा, लिपी कोणतीही असो, त्यांना चष्म्याशिवाय दिसले पाहिजे. सर्वांत उपयोगी सूचना तीच होती.

आता गुरुजनांची क्षमा मागून दोन शब्द शाळेविषयी.

नमाजाच्या वक्तांचे गणित हा आपल्या पूर्वजांचा अभिमानाचा विषय, असे आपण व्यासपीठावरून नेहमी ऐकतो. ते खरे आहे. नवव्या शतकात बगदादमध्ये अल्-ख्वारिज्मी यांनी नमाजाच्या वक्तांची कोष्टके तयार केली; त्यांच्याच नावावरून आज संगणकशास्त्रातील 'अल्गोरिदम' हा शब्द आला. चौदाव्या शतकात दमास्कसच्या उमय्या मशिदीत इब्नुश्शातिर हे मुवक्कित होते, म्हणजे वक्त सांगण्याच्या कामावर नेमलेले विद्वान. १३७१ मध्ये त्यांनी मिनारासाठी संगमरवरी सूर्यघड्याळ केले. अल्-बिरूनी, ज्यांना आपण हिंदुस्थानावरील ग्रंथामुळे ओळखतो, त्यांनी सावल्यांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. तेव्हा मशिदीत बांग देणारा एक आणि वक्त काढणारा दुसरा, असे दोन माणूस असत, आणि दुसऱ्याला त्रिकोणमिती यावी लागे.

परंतु हे नाव घेऊन टाळ्या मिळविणाऱ्यांत मीही आहे, आणि माझ्या फलकाची सावली मी एकदाही मोजली नव्हती. मोजली ती चाचांनी. आणि ते सुमारे महिनाभर गप्प राहिले, कारण माझ्याजवळ पदवी होती. मला अधिक लागते ते हे. चूक तर कोणाचीही होते. पण आमच्या शिक्षणाने एका जाणत्या माणसाला स्वतःच्या डोळ्यांवर अविश्वास दाखवायला लावले. संस्था संगणकाची नवी खोली बांधत आहे, त्यासाठी देणगीचे आवाहन या स्मरणिकेतही असेल, आणि मी माझा वाटा देणार आहे. पण त्या खोलीत मुलांना लायब्ररी उतरवून घ्यायला शिकवू आणि बाहेर अंगणात काठी रोवायला शिकविणार नाही, तर माझ्यासारखेच आणखी तयार होतील.

काठीचा प्रयोग आम्ही केला आहे. गेल्या डिसेंबरात मुख्याध्यापकांच्या परवानगीने नववीच्या मुला-मुलींनी मैदानात एक मीटरची काठी रोविली. मी मुद्दाम त्यांना फलकाचे आकडे सांगितले नव्हते. बारा वाजल्यापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकावर खडूने खूण. सर्वांत आखूड सावली १२-३५ च्या सुमारास, ८७ सेंटिमीटर. मग त्यांनी एक मीटर मिळविला आणि १८७ ची वाट पाहत बसले. एका मुलीने विचारले की, सर, सावली जूनमध्ये दक्षिणेला पडली तर मिळवायची की वजा करायची? मला तिला तेथेच मिठाई द्यावीशी वाटली.

सावली १८७ वर पोहोचली तेव्हा त्यांच्या घड्याळात ३-४३ झाले होते. फलक ३-४५ सांगत होता. दोन मिनिटांचा फरक का, यावर वर्गात भांडण जुंपले. कोणी म्हणे फलक चुकला, कोणी म्हणे घड्याळ. त्या वेळेला सावली मिनिटाला सुमारे दीड सेंटिमीटर वाढते, तेव्हा तीन सेंटिमीटरांचा हिशेब लागला पाहिजे. शेवटी एका मुलाने ओळंबा आणला, गवंडीकाम करणाऱ्या वडिलांचा. काठी किंचित कललेली निघाली. ती सरळ केली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजले.

बांगी चाचा दोन्ही दिवस कुंपणाशी उभे राहून पाहत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी मुलांच्या आधी आपली पावले मोजून 'झाली' म्हणून सांगितले, आणि मुलांनी त्यांना मीटरपट्टीची वाट पाहायला लावली. दोन्ही दिवसांची वही, खडूच्या खुणांच्या नकाशासह, बाहेर प्रदर्शनाच्या मेजावर ठेवली आहे. जूनची पाने अजून कोरी आहेत. पाऊस पडण्यापूर्वी, १० मेच्या सुमारास, सुट्टी असली तरी काही मुले मैदानात येणार आहेत. ज्यांना यावयाचे असेल त्यांनी नाव त्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहावे.